ब्रशचा एक फेरा

गर्भाशयमुखातून रोगप्रतिकारक पेशी घेण्याच्या साऱ्या कृतीत मला सर्वांत देखणा वाटतो तो ब्रशचा एक फेरा. चिकट स्राव कापसाने टिपायचा, मऊ केसांचा सायटोब्रश पिशवीच्या तोंडात अलगद सरकवायचा, एकदा पूर्ण फिरवायचा आणि बाहेर काढायचा. टाका नाही, भूल नाही. जोर जास्त झाला तर रक्त येतं, मग हाती आलेल्या पेशी तिथल्या की रक्तातल्या, हेच कळत नाही. बाईला जपणं आणि नमुना जपणं इथे एकच होऊन जातं.

असा ब्रश आपल्याकडे गावोगावी फिरलेला आहे. मराठवाड्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ साली सुरू झालेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचणीत बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय होतं, ४९७ गावांतल्या १,३१,७४६ बायका होत्या. एचपीव्ही या विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगाला कळलं. त्याच मराठवाड्यातल्या बाया गाळप हंगामात ऊसतोडीला कोयता घेऊन पुणे जिल्ह्यातल्या सोमेश्वर साखर कारखान्याच्या तळावर उतरतात.

पण विषाणूचा डीएनए शोधायला पेशी फुटली तरी चालते. पॅप तपासणीत ती काचेवर मारूनच पाहतात. रोगप्रतिकारक पेशी मात्र जिवंत हवी. म्हणून ब्रश लगेच थंड द्रावणात, नळी बर्फात. सोमेश्वरनगरहून नमुना भोसरीच्या एड्स संशोधन संस्थेत न्यायचा म्हटला, तर नीरा-जेजुरी-सासवड रस्त्यावरची उसाची प्रत्येक ट्रॉली त्या पेशींचं आयुष्य खाते.

प्रयोगशाळेत ब्रश नळीच्या कडेला घासून पेशी सोडवतात, गाळतात, चमकत्या प्रतिपिंडांच्या खुणा लावतात. फ्लो सायटोमीटरमध्ये एकेक पेशी लेझरपुढून जाते आणि सुपात पाखडावं तशी निवड होते: मेलेल्या बाजूला, अस्तराच्या बाजूला, रोगप्रतिकारक पेशींची सीडी४५ खूण असलेल्या ठेवायच्या, त्यांतून सीडी३, मग सीडी४. एचआयव्ही नेमकी हीच सीडी४ पेशी गाठतो, तीही याच उंबरठ्यावर. दंडातून काढलेलं रक्त इथली खबर पुरती देत नाही.

ब्रशला वरवरच्याच पेशी मिळतात, आणि त्याही थोड्या. खोलवरच्या हव्या असतील तर तुकडा काढावा लागतो. तरी माझं मत ब्रशलाच. जखम मागे राहत नाही, त्यामुळे त्याच बाईची तयारी असेल तर तिला पुढच्या महिन्यात पुन्हा तपासता येतं आणि मधल्या काळात तिथलं काय बदललं ते पाहता येतं.