हिब्रू धर्मग्रंथातील स्तवन व उपासना : धातू आणि प्रयोग

हिब्रू धर्मग्रंथातील स्तवनवाचक शब्दांचे विवरण धातूपासून आरंभण्याची प्रथा जुनी आहे. ‘हिल्लेल’ म्हणजे स्तुती करणे. ह-ल-ल याच व्यंजनांचा ‘प्रकाशणे’ या अर्थाचा धातू ईयोबाच्या ग्रंथात आढळतो. म्हणून स्तुती म्हणजे ईश्वराचे तेज प्रकट करणे, असे सांगितले जाते. ‘बेरख’ म्हणजे धन्य म्हणणे वा आशीर्वाद देणे. त्याचे गुडघ्याच्या नावाशी साम्य असल्यामुळे त्याचा गाभा गुडघे टेकणे हा होय, असेही प्रतिपादन होते. असे विवेचन चित्ताकर्षक असते. परंतु शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीत साठवलेला असतो, हे त्यामागील गृहीतक भाषाशास्त्रास मान्य होण्याजोगे नाही. ‘कुशल कारागीर’ असे म्हणताना दर्भ तोडण्याचे कौशल्य कोणाच्याही मनात येत नाही. जेम्स बार यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द सिमँटिक्स ऑफ बिब्लिकल लँग्वेज’ या ग्रंथात बायबलच्या अभ्यासातील या सदोष पद्धतीवर कठोर टीका केली. त्या टीकेचे मर्म स्वीकारले, तर स्तवनवाचक शब्दांचा अर्थ त्यांच्या प्रयोगांतच शोधावा लागतो.

‘हिल्लेल’चे लौकिक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहेत. उत्पत्तीच्या १२व्या अध्यायात फारोचे सरदार अब्रामाच्या पत्नीची फारोपाशी वाखाणणी करतात, तेथे हेच क्रियापद आहे. कोणा एकाचे गुण दुसऱ्याच्या कानी घालणे हा व्यवहार त्यात स्पष्ट दिसतो. ‘हल्लेलूया’ हे रूपही व्याकरणदृष्ट्या ईश्वरास उद्देशून नाही. ते अनेकवचनी आज्ञार्थ असून ‘याहचे स्तवन करा’ असे ते समुदायास सांगते. स्तोत्रकर्ता पुष्कळदा ईश्वराशी प्रत्यक्ष बोलतो हे खरे; तथापि ऐकणारा समुदाय स्तवनाच्या कल्पनेत प्रारंभापासून गृहीत आहे.

‘होदा’ या क्रियापदाचे भाषांतर बहुधा ‘आभार मानणे’ असे होते. यहोशवाच्या ७व्या अध्यायात मात्र लूट लपविणाऱ्या आखानास, परमेश्वराचा गौरव कर आणि त्याला ‘तोदा’ दे, असे सांगितले जाते. ‘तोदा’ हे याच धातूचे नाम. येथे आभाराचा अर्थ घेतल्यास प्रसंग निरर्थक ठरतो. अपेक्षा आहे ती कबुलीची. ३२व्या स्तोत्रात हेच क्रियापद पापाच्या कबुलीसाठी येते; लेवीय ग्रंथाच्या ७व्या अध्यायात ‘तोदा’ हे एका अर्पणाचे नाव आहे. या सर्वांना जोडणारे सूत्र म्हणजे जे आहे ते उघडपणे मान्य करणे. क्लाउस वेस्टरमान यांनी १९५४ मध्ये स्तोत्रांवरील आपल्या ग्रंथात, हिब्रूमध्ये आभारासाठी स्वतंत्र क्रियापद नाही, असे दाखविले. ते याच प्रयोगांच्या आधारे पटते.

नमनवाचक ‘हिश्तहवा’ हे रूप तर व्युत्पत्तीची मर्यादाच सिद्ध करते. ते दीर्घकाळ श-ह-ह या धातूचे मानले जात होते. १९२९ मध्ये सीरियातील रास शामरा येथे उगारिती लेख सापडू लागल्यानंतर ते ह-व-ह या निराळ्या धातूचे असावे, असे मत पुढे आले. १९७७ मध्ये इमर्टन यांनी त्यावर आक्षेप घेतले. धातूविषयीचा वाद असा चालू राहिला. शब्दाचा अर्थ मात्र तसूभरही हलला नाही. कारण तो प्रयोगांनी निश्चित केला होता. अब्राहाम हेथच्या वंशजांपुढे लवतो, याकोब एसावापुढे सात वेळा लवतो, आणि ईश्वरापुढेही मनुष्य त्याच क्रियापदाने लवतो.

‘आवद’ म्हणजे राबणे, सेवा करणे. निर्गमात फारोची वेठबिगार आणि पर्वतावर करावयाची ईश्वराची उपासना ही दोन्ही याच धातूने व्यक्त होतात. दहा आज्ञांमध्ये इतर देवांच्या संदर्भात निषिद्ध ठरलेली क्रियापदे ‘हिश्तहवा’ आणि ‘आवद’ हीच आहेत. म्हणजे उपासनेसाठी राखून ठेवलेली पारिभाषिक संज्ञा येथे नाही. मनुष्य ज्या शब्दांनी राजापुढे वाकतो व धन्यासाठी राबतो, त्याच शब्दांत तो कोणाचा, हा प्रश्न विचारला जातो. मनुष्याच्या बाबतीत ‘नमस्कार’ व ‘चाकरी’, ईश्वराच्या बाबतीत ‘आराधना’ व ‘उपासना’ अशी विभागणी करणारे मराठी भाषांतर सुबोध होते. परंतु हा प्रश्न त्यात झाकला जातो. मोर्दखय हामानापुढे लवण्याचे का नाकारतो, हे समजण्यास शब्दाची ही एकता ध्यानात असावी लागते.

स्तवन ही केवळ भावावस्था नसून साक्ष आहे, याचे सर्वांत प्रत्ययकारी प्रमाण ३०व्या स्तोत्रात मिळते. मरणाच्या दारातून परतलेला भक्त आपली जुनी विनवणी आठवतो : धूळ तुझी ‘होदा’ करील काय? हिज्कीयाच्या प्रार्थनेतही मृत्युलोक ‘होदा’ आणि ‘हिल्लेल’ या दोन्हींना असमर्थ ठरतो. विनवणीचा युक्तिवाद असा, की भक्त मेला तर ईश्वराचा एक साक्षीदार कमी होईल. ‘होदा’चा अर्थ केवळ कृतज्ञता असता, तर या युक्तिवादाला फारसे बळ उरले नसते. जाहीर कबुली हा अर्थ घेतला, की जीव वाचविण्यासाठी मांडलेले ते एक खरेखुरे कारण ठरते.