एका निकालपत्राचे वाचन

न्यायालयाचे निकालपत्र वाङ्मय म्हणून वाचावे की नाही, याविषयी आमच्या मित्रमंडळींत दुमत आहे. आमच्या मते वाचावे. निदान ‘रुदुल शाह विरुद्ध बिहार राज्य’ या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट १९८३ रोजी दिलेले निकालपत्र तरी अवश्य वाचावे. ते लिहिणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड पुण्याचे, एवढ्यासाठी नव्हे. स्वमुलखापासून दूर, टिपणे आणि मसुदे यांच्या सहवासात ज्यांचा दिवस जातो, त्या आपल्या वाचकांस या लेखनाची नस इतरांहून लवकर सापडेल, असे आम्हांस वाटते.

कथाभाग थोडका आहे. मुझफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने ३ जून १९६८ रोजी अर्जदारास निर्दोष ठरविले. तुरुंगाचे दार उघडले ते १६ ऑक्टोबर १९८२ रोजी, म्हणजे ५,२४८ दिवसांनी. हेबियस कॉर्पसचा अर्ज सुनावणीस आला तेव्हा तो सुटलेला होता. सुटकेची मागणी त्यामुळे निरर्थक झाली. नुकसानभरपाई, औषधोपचार व पुनर्वसन यांविषयीच्या मागण्या मात्र उरल्या, आणि त्यांवर शासनाने खुलासा करावा असे न्यायालयाने फर्माविले. पुढील वर्षीच्या एप्रिलात तो खुलासा तुरुंगाधिकाऱ्याच्या प्रतिज्ञापत्राच्या रूपाने दाखल झाला.

हे प्रतिज्ञापत्र म्हणजे निकालपत्राचा प्राण होय. त्याचा आशय असा: निर्दोष ठरतेवेळी अर्जदार भ्रमिष्ट होता, म्हणून त्यास ठेवून घेण्यात आले. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सिव्हिल सर्जनने तो ठीक असल्याचा अहवाल दिला. २१ फेब्रुवारीस ही गोष्ट विधी खात्यास कळविण्यात आली. विधी खात्याच्या १४ ऑक्टोबर १९८२ च्या पत्रान्वये त्यास सोडण्यात आले. ठेवून घेण्यात आले, कळविण्यात आली, सोडण्यात आले! या क्रियापदांशी आपला परिचय जुना आहे. शेवटच्या दोन तारखांमध्ये साडेपाच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. पण निवेदनात त्या अशा शेजारी नांदतात, की जणू सकाळच्या टपालाने पत्र गेले आणि सायंकाळी उत्तर आले.

चंद्रचूडांचे कौशल्य येथे दिसते. ते संतापाची विशेषणे आरंभी उधळीत नाहीत; प्रश्न विचारतात. भ्रमिष्ट कशावरून ठरविले? वैद्यकीय मत कोठे आहे? कोणते उपचार केले, किती दिवस केले, आणि ते करावयास चौदा वर्षे लागली काय? प्रतिज्ञापत्र जगजाहीर तेवढेच मोठ्या सरळपणाचा आव आणून सांगते, हा त्यांचा शेरा तर अस्सल समीक्षकाचा आहे. पुढे ते डाव उलटवतात: अर्जदारास खरोखरच भ्रम झाला असेल, तर तो बेकायदा बंदिवासाने आलेल्या हताशतेतूनच झाला असावा. शासनाने सबब म्हणून पुढे केलेली गोष्ट अशा रीतीने शासनाविरुद्धचा पुरावा बनते.

याच लेखणीने २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीत बंदिवानास हेबियस कॉर्पसची दाद मागता येत नाही, या बहुमताच्या निर्णयास साथ दिली होती. १९८३ च्या निकालात कोणी त्याचे प्रायश्चित्त पाहतात. लेखकाच्या मनात शिरण्याचा अधिकार आम्ही घेत नाही.

आमचा आक्षेप निराळा आहे. न्यायालयाने राज्यास तीस हजार रुपये देण्यास सांगितले. पाच हजार राज्याने आधी दिले होते. पस्तीस हजारांस ५,२४८ ने भागिले असता दिवसास सहा रुपये सदुसष्ट पैसे पडतात. रक्कम अल्प, एवढीच आमची तक्रार नाही. ती आली कोठून, हे निकालपत्रात कोठेच उलगडत नाही. प्रतिज्ञापत्रास ओळीओळीवर ‘कशावरून?’ म्हणून अडविणारी लेखणी स्वतःच्या आकड्यापाशी मुकी होते. हा केवळ तात्पुरता उतारा आहे, अर्जदारास पूर्ण भरपाईसाठी दिवाणी दावा लावण्याची मोकळीक आहे, असे निकालपत्र सांगते; दावा, अपिले आणि हुकुमाची बजावणी संपेपर्यंत त्यास कफल्लक ठेवणे योग्य नाही, असेही सांगते. यात दया आहे. पण निर्दोष ठरूनही ज्यास चौदा वर्षे दाराबाहेर पडता आले नाही, त्याने आता वकील गाठून सरकारवर दावा लावावा!

त्या मौनाचे परिणाम दूरवर गेले. मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल पैसे देववता येतात हे तत्त्व या निकालाने रुजविले, हे त्याचे थोर ऋण. परंतु माप काही ठरले नाही. सुमारे पन्नास दिवस कोठडीत काढलेले शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांस २०१८ च्या सप्टेंबरात त्याच न्यायालयाने पन्नास लाख देवविले. ते योग्यच होते. पण या दोन आकड्यांना जोडणारे गणित कोणी मांडून दाखवावे. बेकायदा अटकेबद्दल भरपाईचा हक्क सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारातील कलमापुरते भारताने १९७९ साली आपले हात मोकळे ठेविले. विधी आयोगाने २०१८ च्या आपल्या २७७ व्या अहवालात कायद्याचा मसुदाच तयार करून दिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्यास जागा मिळाली नाही. निराधार अटकेबद्दल फार तर हजार रुपये, तेही अटक करविणाऱ्या माणसाकडून, ही जुनी तरतूद मात्र तेथे सुखरूप पोहोचली.

निकालपत्राच्या अखेरीस शासनास एका अजस्र जलराक्षसाची पाश्चात्त्य उपमा दिली आहे. ती भारदस्त आहे, आणि आमच्या मते तीच या लेखनातील एकमेव चुकलेली उपमा. प्रतिज्ञापत्रातून राक्षस दिसत नाही. १९७७ च्या फेब्रुवारीत विधी खात्यास पाठविलेला एक कागद दिसतो. राज्याने हवे तर संबंधित अधिकाऱ्यांकडून रक्कम वसूल करावी, अशी मुभा निकालपत्राने ठेविली आहे. ती कोणाकडून करावी, म्हणजे तो कागद साडेपाच वर्षे कोणाच्या टेबलावर होता, हे त्यात लिहिलेले नाही.