गायात गाय, राळ्यात राळे
‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ हे भरभर म्हणताना बोबडी वळते ती र, ल आणि ळ यांच्या शेजारामुळे. जीभ दातांमागून टाळूकडे वळते, परतते आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत चुकते. पण बुलडाणा जिल्ह्यात घाटाखाली, खामगाव-शेगाव-नांदुऱ्याच्या वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. तिथं हेच वाक्य ‘काये राये, गोरे राये’ होतं आणि त्यातली अडचणच निघून जाते. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ मात्र तिथंही तितकाच छळतो.

म्हणजे मुलांना आपण जी वाक्यं देतो, ती प्रमाण उच्चारासाठी घडलेली आहेत. तीच चार-पाच वाक्यं फिरत राहतात. राळं शेतातून जवळपास गेलं तरी वाक्यात उरलं आहे आणि म्हणणाऱ्या मुलाला ते धान्य आहे हेही ठाऊक नसतं. जीभ वळवण्याच्या या खेळाची आजची स्थिती मला म्हणूनच उदास करते. वऱ्हाडी जिभेला तिच्या स्वतःच्या अवघड जागा आहेत आणि त्यांवर नवं काही रचलं जात नाही.

खरं तर ‘ळ’ गेल्यानं बोलीनं गमावलं त्याहून जास्त कमावलं. गाळ आणि गाय, माळ आणि माय, जाळ आणि जाय हे उच्चारात एक झाले. ‘गाळात गाय रुतली’ हे ‘गायात गाय रुतली’ असं ऐकू येतं. पुण्याच्या कोटीबाजाला हा श्लेष मिळणारच नाही. मराठीत अशा खेळाला हलकं मानायची रीत नव्हती. मोरोपंतांनी (1729–1794) ओठ न जुळवता म्हणता येणारं, प-फ-ब-भ-म टाळलेलं निरोष्ठ रामायण रचलं.

बोलीतल्या या शक्यता ओळखणारा लेखक जिल्ह्याला लाभला. खामगावचे पुरुषोत्तम बोरकर यांची ‘मेड इन इंडिया’ ही कादंबरी वऱ्हाडीतच विचार करते. तिथला विनोद बोलणाऱ्याच्या नजरेतून येतो. नुसत्या उच्चारानं हसवण्यावर तो अवलंबून नाही. त्यांच्या आणखी एका कादंबरीचं नाव ‘15 ऑगस्ट भागिले 26 जानेवारी’. शाळकरी गणिताची खूण दोन राष्ट्रीय दिवसांमध्ये ठेवली आणि एका शब्दात अख्खी राजकीय टीका उभी राहिली. कोटी म्हणतात ती हीच.

व्यासपीठावर ‘मिर्झा एक्सप्रेस’ या विनोदी कार्यक्रमानं वऱ्हाडी विनोदाला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. त्यानंतरच्या अनेक हास्यकवींकडे भाषेवरची मेहनत दिसत नाही. ‘करून रायला’ म्हटलं की टाळी येते आणि कवी तिथंच थांबतो. बोली हाच विनोदाचा विषय झाला की ती बोलणारा माणूस विनोदाचं लक्ष्य होतो, आणि हे मला अजिबात मान्य नाही.

ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड 1905 साली आला. त्यात वऱ्हाडीची नोंद आहे, पण नमुन्यासाठी बायबलमधली उधळ्या मुलाची ठरावीक गोष्ट घेतलेली. खेळातली भाषा त्या पद्धतीत येणारच नव्हती. आजही संग्राहक वाक्य लिहून घेतात आणि उच्चार शुद्ध करून छापतात. बुलडाणा जिल्ह्यात तर घाट चढून देऊळगाव राजामार्गे जालन्याकडे सरकावं तसा ‘ळ’ सावरत जातो. तेच वाक्य शेगावात आणि देऊळगाव राजात वेगळ्या ठिकाणी अडेल. तेव्हा तालुकावार आवाजच नोंदवायला हवेत, आणि ‘गायात गाय’सारखी वाक्यं तिथल्या शाळांतल्या पोरांकडूनच रचून घ्यायला हवीत.