सिद्धी आणि कृपादान

दिवाळीच्या दिवसांत चकलीच्या ताटलीशेजारी एखादी भुताखेताची गोष्ट उघडी पडलेली असावी, ही मराठी घरातली जुनी रीत. आमच्या गारखेड्याच्या घरातही ती पाळली गेली. नारायण धारपांची ‘लुचाई’ आम्ही भावंडांनी पाळीपाळीने वाचली आणि पुढले चार दिवस रात्री पाण्याला एकटे कोणी उठले नाही. ती स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीवर बेतलेली आहे हे पुष्कळ उशिरा कळले. मग मूळ पुस्तक मिळवून वाचले, आणि त्यातल्या एका प्रसंगाने मला जे धरून ठेवले ते आजतागायत सोडलेले नाही.

गावात रक्तपिपासू पिशाच्चांचा सुळसुळाट झालेला आहे. फादर कॅलहन नावाचे कॅथलिक धर्मगुरू क्रूस उगारून त्यांच्या म्होरक्यासमोर, बार्लोसमोर, उभे राहतात. बार्लोच्या पकडीत मार्क हा शाळकरी मुलगा आहे. क्रूस तेजाने उजळलेला. बार्लो सौदा मांडतो : पोराला सोडतो, पण मग तू क्रूस टाकून नुसत्या श्रद्धेच्या बळावर माझ्याशी लढ. मुलगा सुटतो, पळतो. फादरांना मात्र क्रूस टाकवत नाही. त्याचे तेज विझत जाते आणि शेवटी बार्लो तो त्यांच्या हातातून सहज काढून घेतो. गंमत अशी की, याच मार्कने आधी एका रात्री खेळण्यातल्या प्लास्टिकच्या क्रूसाने खिडकीशी आलेले पिशाच्च पळवून लावलेले असते!

मी याचा अर्थ लावला तो कोणीही मराठी वाचक लावील तोच. फादरांची साधना कच्ची, पोराचा भाव पक्का. आपल्याकडे अलौकिक शक्तीला सिद्धी म्हणतात आणि सिद्धी ही कमवावयाची वस्तू. धारपांचे ‘समर्थ’ आपल्याला परके वाटत नाहीत ते यामुळेच. अधिकारी पुरुष आपल्या परिचयाचा आहे. वास्तविक पतंजलींनी योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात सिद्धी सांगितल्या, आणि तेथेच त्या समाधीच्या वाटेवरची विघ्ने आहेत असेही बजावले. आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणची कथा घ्या. रेड्याच्या मुखातून वेद निघाले ते ज्ञानदेवांचे सामर्थ्य मिरवण्यासाठी नव्हे. जो आत्मा ब्राह्मणात तोच रेड्यात, या बोलण्याचा तो दाखला होता. पण ऐकणारा दाखला तेथेच ठेवतो आणि चमत्कार तेवढा घरी घेऊन येतो.

ख्रिस्ती परंपरेत हिशेब निराळा आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलाने अशा देण्यांची यादी दिली आहे : रोग बरे करणे, संदेश देणे, आत्म्यांची पारख करणे, अनोळखी भाषा बोलणे वगैरे. मराठी बायबलात त्यांना ‘कृपादाने’ असा फार सुरेख शब्द आहे. कमाई नव्हे, दान. आणि तेही घेणाऱ्याच्या मिरवणुकीसाठी नव्हे, सर्वांच्या हितासाठी दिलेले.

रहस्यकथा लिहिणाऱ्यापुढे मात्र यातून पेच उभा राहतो. दान हमखास चालले तर उत्कंठा कसली राहणार? म्हणून त्याला कुठेतरी अडवावे लागते, आणि अडवण्याची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे श्रद्धेचे माप. फ्रँक पेरेटीच्या ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’ (१९८६) या कादंबरीत माणसांच्या प्रार्थना वाढतात तसे देवदूतांचे बळ वाढते आणि प्रार्थना आटल्या की देवदूत हटतात. कथा घोड्यासारखी धावते, पण हिशेब वाण्याच्या वहीतला. त्याच पेरेटीने ‘द व्हिजिटेशन’मध्ये (१९९९) चमत्कार करणारा तरुणच संशयाच्या जागी बसवला, ते पुस्तक मला कितीतरी अधिक जाणते वाटते. (चेस्टर्टनच्या फादर ब्राउनजवळ तर असले एकही दान नाही. लोकांची पापे ऐकून आलेले शहाणपण तेवढे. तरी या सर्वांत मला तोच प्रिय, हे सांगून टाकतो.)

श्रद्धेचे हे माप पुस्तकातच राहते तर तक्रार नव्हती. आमच्या शेजारी एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षिका राहतात. त्यांच्या यजमानांच्या शेवटच्या दुखण्यात घरी प्रार्थनेला मंडळी येत. यजमान गेले. त्यानंतर त्या मंडळींपैकीच एकाने, विश्वास थोडा कमी पडला, असे बाईंना ऐकवले. बाईंनी हे मला एकदाच सांगितले, तेही चहा गाळता गाळता. त्यांनाच मी किंगचे पुस्तक वाचायला दिले होते. नंतर ते आठवले आणि मी ओशाळलो.

पुस्तक परत द्यायला आल्या तेव्हा मीच चाचरत विषय काढला. म्हटले, “फादरांचा विश्वास कमी पडला तो भाग जरा…”

“कोण म्हणतं कमी पडला?”

“बार्लोच म्हणतो की.”

“अहो भाऊ, तो तर सैतान! त्याच्या तोंडचं तुम्ही खरं धरून चालता?”

मी निरुत्तर झालो. एवढी वर्षे वाचतो आहे, पण कथेतले स्पष्टीकरण कोणाच्या तोंडी आहे हे पाहण्याचा साधा धडा मी विसरलो होतो. बाई पुढे म्हणाल्या, “क्रूस चालला नाही असं कसं? पोर सुटलं ना? ज्याच्यासाठी द्यायचं होतं त्याला दिलं गेलं. मग ते फादरांच्या हातात राहिलं काय नि गेलं काय.”

मी हरकत घेतली. कादंबरी बार्लोच्या बाजूने साक्ष देते. पुढे फादर आपल्याच चर्चच्या दाराला हात लावतात तेव्हा तो भाजतो. किंगच्या मनात पराभवच आहे. बाईंनी ते मान्य केले. “हात भाजला हे खरं. पण पौलालाही काटा होताच शरीरात. तीनदा विनवणी केली तरी निघाला नाही. दुसऱ्यांना बरं करणारा माणूस. मिलेतात आपल्या त्रफिमाला आजारी ठेवून त्याला पुढे जावं लागलं. त्याचा विश्वास कमी होता, असं कोणी म्हणालं का?”

हा अर्थ किंगने योजला होता असा माझा दावा नाही. पण वाचकाचे कामच ते आहे. लेखकाने अर्धवट उघडे ठेवलेले दार त्याला ज्याची गरज आहे तो लोटतो, आणि बाईंना गरज होती. मला ती नव्हती, म्हणून मला कच्ची साधना तेवढी दिसली.

एक गोष्ट मात्र मी त्यांना मागाहून सांगितली. किंगने कॅलहनला तेथेच सोडलेले नाही. ‘द डार्क टॉवर’ या मालिकेत त्याने त्यांना परत आणले, आणि २००४ च्या शेवटच्या भागात ते पुन्हा पिशाच्चांच्या गर्दीसमोर उभे राहतात. बरोबर पुन्हा एक मुलगा असतो. त्याला पुढे जाता यावे म्हणून ते मागे थांबतात आणि तेथेच मरतात.

बाईंनी एवढेच विचारले, “मुलगा गेला ना पुढे?”

“गेला,” मी म्हटले.