लाव्हा आणि ओतीव ॲल्युमिनियम : एका उपमेचे परीक्षण

भोरहून वरंध घाटाकडे जाताना किंवा वेल्ह्याहून तोरण्याची चढण चढताना बेसाल्टचे एकावर एक रचलेले थर दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या ह्या लाव्हाकडे पाहून ‘सावकाश निवाल्यास स्फटिक मोठे, त्वरेने निवाल्यास बारीक’ हा नियम सांगता येतो, आणि तोच पुढे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंस लावण्याचा मोह होतो. उपमा सोयीची आहे. परंतु तिची मर्यादा न सांगितल्यास ती विद्यार्थ्यास चुकीच्या निष्कर्षाकडे नेते.

उपमेचा खरा अंश प्रथम मान्य केला पाहिजे. लाव्हाच्या थराचा माथा वायूंच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र होतो. द्रव ॲल्युमिनियममध्ये जेवढा हायड्रोजन विरघळतो त्याच्या सुमारे विसावा हिस्साच घन धातूत मावतो. उरलेला छिद्रांच्या रूपाने प्रकट होतो. घनीभवन त्वरेने झाल्यास ही छिद्रे लहान राहतात. येथवर डोंगर व ओतशाळा एकच भाषा बोलतात.

पहिली विसंगती स्फटिकांच्या आकाराविषयी आहे. बेसाल्टमध्ये कित्येकदा दिसणारे फेल्स्पारचे मोठे स्फटिक लाव्हा भूपृष्ठावर येण्यापूर्वीच तयार झालेले असतात. त्यांवरून त्या थराचा शीतनवेग काढणे व्यर्थ होय. मिश्रधातूतही कणांचा आकार केवळ शीतनवेगावर ठरत नाही. टायटॅनियम व बोरॉन यांची अल्प मात्रा घालून सावकाश निवणाऱ्या रसातही बारीक कण मिळविता येतात. शीतनवेगाची अधिक विश्वसनीय खूण म्हणजे वृक्षाकार स्फटिकांच्या शाखांमधील अंतर. हे अंतर स्थूलमानाने शीतनवेगाच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे वेग आठपट केला तरी अंतर केवळ निम्मे होते. ७ टक्के सिलिकॉन व अल्प मॅग्नेशियम असलेल्या ओतीव मिश्रधातूत हे अंतर घटले की तन्यता व थकव्यास होणारा विरोध वाढतो, आणि लोहयुक्त संयुगांच्या ठिसूळ पट्ट्याही आखूड होतात.

दुसरी विसंगती उष्णतेच्या मार्गाची. खडक उष्णतेचा मंदवाहक असल्यामुळे थराच्या गाभ्यातील उष्णता त्या खडकामुळेच अडून राहते. दहा मीटर जाडीचा थर पुरता घट्ट होण्यास कित्येक महिने लागतात. ॲल्युमिनियम उष्णतेचा सुवाहक आहे. तेथे अडथळा असतो तो वाळूच्या साच्याचा, किंवा धातूच्या साच्यात ओतीव आकसून पडणाऱ्या फटीचा. म्हणून साचा बदलताच त्याच रसाची रचना बदलते.

तिसरी विसंगती सर्वांत महत्त्वाची. घट्ट झालेल्या बेसाल्टच्या पोताची कथा बहुतांशी तेथेच संपते. मिश्रधातूची तेथे अर्धीच झालेली असते. लोहार कोयत्याला पाणी पाजतो तेव्हा पोलाद तत्काळ कठीण होते. ॲल्युमिनियमच्या तांबेयुक्त मिश्रधातूला तसेच पाणी दिले तर ती प्रथम मऊच राहते. आल्फ्रेड विल्म यास १९०६ मध्ये आढळले की ती काही दिवसांनी आपोआप कठीण होते. ह्याचे कारण असे की सुमारे ५४८ अंश सेल्सिअसला ५.६५ टक्क्यांपर्यंत विरघळणारे तांबे जलद शीतनाने घन द्रावणात कोंडले जाते आणि पुढे अतिसूक्ष्म पुंजांच्या रूपाने वेगळे होऊ लागते. हे पुंज १९३८ मध्ये गिन्ये व प्रेस्टन यांनी स्वतंत्रपणे क्ष-किरणांनी ओळखले. येथे शीतन मंद झाले तर तांबे कणसीमांवर वाया जाते. अतिजलद झाले तर अवशिष्ट ताण राहून वस्तू वाकते. ओतीव वस्तू पुष्कळदा ऊन पाण्यात बुडवितात ती ह्यासाठीच.

‘शीतनवेग’ हा एकच शब्द अशा रीतीने दोन निराळ्या क्रियांस लागतो : रस गोठतानाचा वेग आणि उष्णोपचारानंतरचा वेग. विद्यार्थ्याने त्यांत गल्लत केली तर वर्गात गुण जातात. अभिकल्पकाने केली तर यंत्रभाग जातो. धातूच्या साच्यात ओतलेल्या बारीक चाचणी-दांड्याचे बळ वाळूच्या साच्यातील जाड भागास लागू करणे हा त्याच गल्लतीचा व्यावहारिक अवतार होय. दांडा खोटे बोलत नाही. तो केवळ आपल्या जाडीपुरते बोलतो.

म्हणून ही उपमा टाकून द्यावी असे नाही. तोरण्याचा कडा दाखवावा. परंतु त्याच तासात एका ओतीवाचा पातळ व जाड छेद सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी-शेजारी ठेवावा.