उजेडाचा अंगरखा

लखनौत राहून नृत्याविषयी लिहावयाचे आणि कथकाचे नाव काढावयाचे नाही, हे येथील मराठी माणसाला जमण्यासारखे नाही. बिंदादीन महाराजांच्या ठुमऱ्या या शहरातल्या, आणि भातखंड्यांनी १९२६ साली संगीत विद्यालय उभारले तेही येथेच. त्यामुळे चिनहटच्या खोलीत गिडियन ओबारझानेक यांच्या ‘ग्लो’ (२००६) या नृत्याची चित्रफीत पाहतानाही माझे मन कथकाकडेच धावत होते. कथकात मागील पडद्यावर चित्रे टाकली जातातच. ती देहावर उतरण्यास आता फारसा अवधी लागणार नाही.

‘ग्लो’मध्ये नर्तकी एकच. ती जमिनीवर लोळते, सरपटते. प्रेक्षक तिला वरून पाहतात. माथ्यावरचा अवरक्त कॅमेरा तिच्या देहाची आकृती टिपतो, फ्रीडर वाइस यांची संगणकप्रणाली तिच्यावरून चित्र रचते आणि प्रक्षेपक ते तिच्यावर व भोवतालच्या भूमीवर टाकतो. मर्स कनिंगहॅमच्या ‘बायपेड’मधील (१९९९) प्रकाशाकृती नर्तकांच्या हालचालींवरून आधीच सिद्ध करून ठेवलेल्या होत्या, येथील उजेड मात्र त्या क्षणीच्या देहाच्या अधीन आहे.

परंतु अधीन असणारा नेहमी मागून येतो. (कचेरीत आयुष्य घालविणाऱ्यांस हे निराळे सांगावयास नको!) कॅमेरा सेकंदास ६० चित्रे टिपीत असला तरी एका चित्रास सुमारे १७ सहस्रांश सेकंद लागतात, पुढे गणित, मग प्रक्षेपण. भूमीला चिकटलेल्या देहास हा विलंब मानवतो. ‘ग्लो’त तर मागे रेंगाळणारी काळी सावली हाच भयाचा विषय झाला आहे, उणिवेचे असे सोने करणे यालाच मी प्रतिभा म्हणतो. द्रुत तीनतालातील तिहाई समेवर येते तेव्हा मात्र घुंगरू व तबला यांत केसाचेही अंतर खपत नाही. तेथे उशिरा उमटलेला उजेड म्हणजे बेताल साथीदारच.

याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे. गतभावात नर्तकी रिकाम्या हाताने घूंघट उचलते. तो घूंघट विणतो प्रेक्षक. चंद्र, रात्र, ऋतू हे अभिनयानेच सुचवावयाचे, म्हणून तर नाट्यशास्त्रात चित्राभिनयाचा स्वतंत्र विचार आहे. त्या हातावर यंत्राने जरीचा पदर उमटविला की प्रेक्षकास काही करावयाचे उरत नाही. शिवाय, ज्या भुवईच्या हालचालीसाठी आपण पुढची रांग धरतो, ती बदलत्या रंगांखाली बुजून जाते. चिनहटच्या भांड्यांवरची झिलई भट्टीत मातीशी एकजीव होते. हा रंग नुसता वर बसतो.

यंत्राचा मला तिटकारा नाही. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ दाखविली, तेव्हा काचेवर रंगविलेल्या आकृती पडद्यावर हालू लागल्या. तेथे देह नव्हता. प्रकाशातून तो निर्माण करणे हेच कौशल्य होते. येथे देह समोर उभा आहे, आणि तोही वर्षानुवर्षांच्या रियाजाने घडलेला.

एकाच जागी मला हा उजेड कथकात हवासा वाटेल. चक्करांनंतर नर्तकी समेवर स्थिर होते, तेव्हा तिच्या पावलांनी भूमीवर काढलेली वर्तुळे क्षणभर उजळून विझावीत. तेथे थोडा उशीर झाला तरी बिघडत नाही, आणि चेहरा मोकळा राहतो.