हत्यार कुणाचं, जेवण कुणाचं

वस्तीतली पोरं 'द रेड २' मधली स्वयंपाकघरातली चाकूंची मारामारी मोबाईलवर पुन्हा पुन्हा बघतात. नुसती तेवढीच. आधी काय झालं, मारणारा कुणाचा माणूस, याच्याशी कुणाला घेणंदेणं नाही. मीही बघितली, दहा वेळा तरी. मारामारी जबरदस्तच आहे, त्यात खोटं बोलायचं कारण नाही. पण एवढाच तुकडा कापून घेतला की त्यातला मालक गायब होतो. माझं भांडण आहे ते इथं.

सिनेमा इंडोनेशियाचा, दिग्दर्शक गॅरेथ एव्हन्स मात्र वेल्समधला. पहिला भाग २०११ चा, दुसरा २०१४ चा. नायक रामा हा पोलीस. ते काम करणारा इको उवाईस आधी टेलिफोन कंपनीत ड्रायव्हर होता आणि सिलाट ही तिकडची लढाईची विद्या शिकत होता. एव्हन्स त्या विद्येवर माहितीपट करायला गेला, तेव्हा हा त्याला सापडला. समोरचा मारेकरी सेसेप आरिफ रहमान, तोही सिलाटचाच माणूस. म्हणून या दोघांचे देह खोटं बोलत नाहीत. हिंदी सिनेमात हिरोच्या बाहीला चीर पडते आणि आई रडते. इथं मनगट, दंड, मांडी, एकेक जागा उघडत जाते. चाकू भोसकत नाही, अडकवतो आणि ओढतो. आधी दोघं नुसत्या हातांनी लढतात. मग तो मारेकरी दोन वाकडे चाकू काढतो आणि रामाला एकच रस्ता उरतो: लांब पळायचं नाही, उलट जवळ जायचं, मनगट धरायचं. ज्याच्याजवळ काही नाही त्यानं अंगाला अंग भिडवून लढायचं. शेवटी त्यातलाच एक चाकू रामाच्या हातात येतो. पांढरं स्वच्छ स्वयंपाकघर तोवर लालभडक झालेलं असतं.

त्या चाकूला करंबित म्हणतात. विळ्यासारखं पातं, मुठीच्या टोकाला कडी, कडीत बोट. तो मुळात शेतकामाचा, सुमात्रातल्या मिनांगकबाऊ मुलखातला, असं सांगतात. मला हे ऐकून नवल वाटलं नाही. आपल्या भाषेत अवजारालाही हत्यार म्हणतात आणि शस्त्रालाही हत्यारच. आमच्या गल्लीत जोडे शिवणारे एक मामा होते, ते रापीला 'माझं हत्यार' म्हणायचे. तीच रापी पंचनाम्यात गेली की 'धारदार हत्यार' होते. ऊसतोडीच्या उचलीत नवराबायकोची जोडी मोजतात 'एक कोयता' म्हणून. माणसं दोन, नाव लोखंडाचं. आणि पेपरात 'कोयता गँग' छापून आलं की लोकांना उसाचा फड आठवत नाही, आमच्या वस्त्या आठवतात. राबताना हातात पातं असतं तोवर त्याच्याकडे कुणी बघत नाही, हे नीट ध्यानात ठेवा.

आता त्या स्वयंपाकघराचं दार बघा. पलीकडे हॉटेलच्या दालनात बेजो, उको आणि पोलिसांतला बडा अधिकारी रेझा एका टेबलाला बसलेत. अलीकडे दोन नोकर एकमेकांना सोलतायत. हो, नोकरच. एक बेजोच्या पगारावरचा, दुसरा पोलीस खात्याचा, आपल्याच वरिष्ठाच्या सांगण्यावरून नाव बदलून तुरुंगात गेलेला, मारेकऱ्यांत मिसळलेला. त्यांचं आपसात वैर काय? काहीच नाही. लढताना बोलायलाही त्यांच्याकडे काही नाही. याला नाच म्हणणारे, बॅले म्हणणारे समीक्षक खूप भेटतील. नाच तर आहेच. पण कुणाच्या पंगतीपुढचा?

पहिल्या भागात हे जास्त उघड होतं. जकार्तातली एक पडकी उंच इमारत, मालक तामा. वीसेक पोलीस आत शिरतात. तामा कॅमेऱ्यावर बघतो, ध्वनिक्षेपकावरून भाडेकरूंना सांगतो: यांना मारा, घरभाडं कायमचं माफ. बस्स. दारं उघडतात, कोयते बाहेर येतात. डोक्यावरच्या छपरासाठी! हे वाक्य लिहिणाऱ्याला झोपडपट्टी कळते असं मला वाटलं. पण पुढं तो ते विसरूनच जातो. भाडेकरू म्हणजे नुसती कापून काढायची गर्दी. अपवाद एकच, गोफार. आजारी बायकोसाठी औषध घेऊन येणारा. तो रामाला आपल्या खोलीत भिंतीमागं लपवतो. शोधायला आलेला माणूस भिंतीत कोयता खुपसतो, पातं रामाच्या गालाला चिरतं. आणि रामा काय करतो? पातं मागं ओढलं जाताना कापडानं त्यावरचं रक्त पुसून घेतो. साऱ्या चाकूमारीत मला हीच जागा सगळ्यात मोठी वाटते. इथं कुणी वार करत नाही. एक गरीब माणूस दुसऱ्याला वाचवतोय, आणि पकडलं जाऊ नये म्हणून आपलं रक्तसुद्धा पुसावं लागतंय. आपल्यात किती पिढ्या हे करत आल्या! पण हा तुकडा कुणी मोबाईलवर ठेवत नाही.

आणि प्रकोसो. दुसऱ्या भागातला बांगुनचा जुना मारेकरी, भिकाऱ्यासारखा राहणारा. काम करतो यायान रुहियान. बायको वेगळी राहते, पोराची भेट नाही. तो तिला चांगल्या हॉटेलात भेटतो आणि त्या टेबलाशी कसा अवघडून बसतो ते बघा. पैसे कमावून दिले तरी ती खुर्ची त्याची होत नाही. पुढं दोन टोळ्यांत युद्ध पेटवायला एक प्रेत हवं असतं, तर त्याचंच निवडतात. त्याच करंबितनं. गल्लीत, बर्फात पडतो. जकार्तात बर्फ कसला, म्हणून लोक हसले. मला हसू आलं नाही, पण दिग्दर्शकानं त्या मरणाला एवढं सुंदर करायची गरज नव्हती. सुंदर केलं की आपण चित्र बघतो, कुणी मारायला लावलं ते विसरतो. एव्हन्सचा हाच खरा दोष. त्याला देहाचे कष्ट कळतात, कष्ट विकत घेणारा मात्र त्याला शेवटच्या मारामारीपुरताच हवा असतो.

काही कार्यकर्ते म्हणतात, असले सिनेमे पोरांना दाखवूच नका. मला ते पटत नाही. पोरं बघणारच, दाराआड बघतील. मंडळाच्या खोलीत पडदा लावू. आधी भाडेमाफीची घोषणा, मग गोफारची भिंत, मग प्रकोसोचं टेबल आणि सगळ्यात शेवटी ते स्वयंपाकघर. मधेच थांबवून पोरांना विचारायचं, दाराच्या पलीकडं जेवतंय कोण?